छत्तीस धावांनंतरचा महिना

१९ डिसेंबर २०२०, शनिवार. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भाताची झोडणी बहुतेक उरकली होती आणि रिकाम्या खाचरांतून वाल वर येऊ लागला होता. अ‍ॅडलेडची कसोटी दिवस-रात्रीची, त्यामुळे खेळ आपल्याकडे सकाळी साडेनऊला सुरू व्हायचा. पहाटे उठायची गरज नव्हती. पहिल्या डावात भारताला ५३ धावांची आघाडी मिळालेली, दुसऱ्या डावात आदल्या दिवसअखेर १ बाद ९. चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसलेल्यांना सामना आपलाच वाटत होता.

मग धावफलक पंधरावर अडकला. बुमराह गेला तेव्हा १५, पुजारा गेला तेव्हा १५, मयंक अगरवाल गेला तेव्हाही १५, आणि अजिंक्य रहाणे शून्यावर परतला तेव्हाही १५च. विराट कोहली गलीत झेल देऊन गेला. जॉश हेझलवूडने ५ षटकांत ८ धावा देऊन ५ बळी घेतले, पॅट कमिन्सने ४. शमीच्या हातावर चेंडू आदळून हाड मोडलं आणि डाव ३६ वर संपला. भारताच्या कसोटी इतिहासातली ही सर्वांत कमी धावसंख्या. अकरा जणांपैकी एकालाही दोन आकडी धावा करता आल्या नाहीत. त्यांच्या धावा ओळीने मांडल्या की ४९२०४०८४०४१ असा आकडा होतो. हा पराभव विसरण्यासाठीचा ओटीपी म्हणून तो आकडा दुपारपर्यंत देशभरातल्या मोबाइलवर जाऊन पोचला होता. ऑस्ट्रेलियाने ९० धावांचं लक्ष्य दोन गडी गमावून गाठलं आणि तिसऱ्याच दिवशी कसोटी संपली.

रेडिओच्या पिढीतल्या माणसांना त्या दिवशी दुसरा एक आकडा आठवला. ४२.

जून १९७४, लॉर्ड्स. अजित वाडेकरांचा संघ १७ षटकांत ४२ धावांत गारद झाला होता. ख्रिस ओल्डचे ५ बळी, जेफ अरनॉल्डचे ४. त्यातही एकनाथ सोलकर एक षटकार मारून १८ धावांवर नाबाद राहिला होता. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा मैदानाच्या कडेला राहूनच क्रिकेट शिकला होता. ही मालिका भारताने ०-३ अशी गमावली. वाडेकरांच्या मुंबईतल्या घरावर दगड आले. इंदूरला विजयाची आठवण म्हणून उभारलेल्या सिमेंटच्या बॅटीला लोकांनी काळं फासलं. पश्चिम विभागाच्या संघातूनही वाडेकरांना वगळलं गेलं आणि ते खेळातून बाहेर पडले. ज्या विजयासाठी ती बॅट उभी केली होती तोही याच कर्णधाराचा होता. १९७१ मध्ये आधी वेस्ट इंडीज आणि मग २४ ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंड, असे दोन्ही संघ वाडेकरांच्या संघाने त्यांच्याच देशात जाऊन हरवले होते. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा डाव १०१ वर गुंडाळला होता. ओव्हलच्या विजयाच्या दिवशी गणेश चतुर्थी होती, आणि भारतीय प्रेक्षकांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातली बेला नावाची हत्तीण मैदानात फिरवली होती. हत्तिणीपासून दगडांपर्यंत यायला लोकांना तीन वर्षंही पुरी लागली नाहीत.

२०२० मध्ये दगड पडले नाहीत. शिव्या मात्र पडल्या आणि त्या मोबाइलवरून थेट खेळाडूच्या हातात जाऊन पोचत होत्या. त्या शिव्यांचा मोठा वाटा ज्या दोन खेळाडूंच्या वाट्याला आला, त्यांची नावं शहापूर-मुरबाडच्या माणसाला दुरून ऐकलेली नव्हती. ती त्याच्या जिल्ह्याची होती.

इथे जिल्हा म्हणजे जुना ठाणे जिल्हा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, वसई-वाडा-जव्हार तिकडे गेले, शहापूर-मुरबाड इकडे राहिले. कागदावर वाटणी झाली तरी सोयरीक आणि शेजार तसाच राहिला. शहापूरच्या हद्दीला वाडा तालुका लागूनच आहे. त्या अखंड जिल्ह्याचे तीन मुलगे ऑस्ट्रेलियाला गेलेल्या संघात होते. डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे, विरारचा पृथ्वी शॉ आणि पालघरजवळच्या माहीम गावचा शार्दूल ठाकूर. रहाणेचं मूळ गाव संगमनेर तालुक्यातलं आश्वी खुर्द, पण वाढला तो डोंबिवलीत. तिघांच्याही क्रिकेटचा पाया घराजवळच्या मैदानापेक्षा रेल्वेच्या डब्यात जास्त घातला गेला आहे.

हे शहापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. आसनगाव स्टेशन मुंबईपासून ८५ किलोमीटरच्या आसपास आहे. कसारा, खर्डी, आटगाव, आसनगाव, वासिंद या पट्ट्यातली माणसं अंधारात घर सोडतात आणि अंधारातच परत येतात. मुरबाडला तर रेल्वेच नाही. आधी एसटीने कल्याण गाठायचं, मग लोकल. खांद्याला साधी पिशवी घेऊन सकाळच्या गर्दीत चढणं काय असतं हे ज्याला रोज भोगावं लागतं, त्याला बॅट-पॅडने भरलेली किटबॅग घेऊन चढणारा दहा-बारा वर्षांचा पोरगा दिसला की त्याच्या खेळाआधी त्याच्या प्रवासाचं मोल कळतं. रहाणेची आई धाकट्याला कडेवर घेऊन, थोरल्याची किटबॅग उचलून मैदानापर्यंत चालत जायची, कारण रिक्षाला पैसे नसायचे. मुलगा मुंबईला एकटा जाऊ लागला त्या दिवशी वडील त्याला न सांगता त्याच गाडीच्या दुसऱ्या डब्यात बसले होते, पोरगा नीट उतरतो का ते बघायला. हे रहाणेने स्वतःच सांगितलेलं आहे. पालघर चर्चगेटहून नव्वदेक किलोमीटरवर. डहाणूपर्यंत उपनगरी लोकल २०१३ मध्ये सुरू झाली; त्याआधी शटल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या यांच्यावरच सगळा हिशेब. शार्दूलचं उमेदवारीचं वय त्या हिशेबात गेलं. पुढे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीत स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. पृथ्वी चार वर्षांचा असताना आई गेली. विरारहून वांद्र्याला वडीलच त्याला घेऊन जायचे.

अ‍ॅडलेडला पृथ्वी पहिल्या डावात दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला होता, मिचेल स्टार्कच्या गोलंदाजीवर. बॅट आणि पॅड यांच्यात फट राहते, चेंडू तिथून आत येईल, असं समालोचन कक्षातून रिकी पाँटिंग सांगत होता आणि पुढच्याच क्षणी तेच घडलं. दुसऱ्या डावातही तीच फट, ४ धावा, पुन्हा त्रिफळा. पुढच्या कसोटीत त्याच्या जागी शुभमन गिल आला. हा तोच मुलगा, ज्याने नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा ठोकल्या होत्या, ज्याच्या नेतृत्वाखाली २०१८ मध्ये भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षी ज्याने राजकोटला कसोटी पदार्पणात १३४ धावा केल्या.

रहाणेवरचा राग वेगळ्या कारणाचा होता. पहिल्या डावात कोहली ७४ वर खेळत होता, रहाणेने धाव मागितली, मग नको म्हणाला, आणि अर्ध्यात आलेला कोहली धावबाद झाला. तिथून डाव घसरला. रहाणेने दिवसाचा खेळ संपल्यावर कोहलीची माफी मागितली. पण लोकांना कोहली बाद झाल्याचं दिसलं होतं, माफी दिसली नव्हती. त्यातच कोहली पितृत्वाच्या रजेवर भारतात परतला आणि कर्णधारपद रहाणेकडे आलं. मालिका ०-४ होणार, असं भाकीत ऑस्ट्रेलियातले आणि इकडचेही जाणकार करू लागले.

डिसेंबर-जानेवारी हा शहापूर-मुरबाडकडे टेनिस क्रिकेटचाही हंगाम. भात निघालं की गावाजवळचं एखादं खाचर निवडायचं, धसकटं खणून काढायची, बांध सपाट करायचा, पाणी मारून माती चोपायची, की पीच तयार. अशा मैदानांवर सर्वांत मोठी भांडणं चौकार-षटकारांवरून होत नाहीत, धावबादवरून होतात. जमलेला फलंदाज दुसऱ्याच्या चुकीमुळे धावबाद झाला की बॅट फेकली जाते, मंडपापर्यंत शिव्या ऐकू येतात, कधी कधी दोन वाड्यांचं बोलणं थांबतं. म्हणून २८ डिसेंबरच्या सकाळी मेलबर्नला जे घडलं ते इथल्या माणसाने फार बारकाईने पाहिलं.

भारताने ऑस्ट्रेलियाला १९५ मध्ये गुंडाळलं होतं. रहाणे ११२ वर होता, जोडीला रवींद्र जडेजा ४९ वर. दोघांची भागीदारी १२१ धावांची झालेली. जडेजाने चेंडू ढकलला आणि अर्धशतकाच्या धावेसाठी पळाला. रहाणे पोचायला इंचभर कमी पडला. कर्णधार, शतक झालेलं, डाव रंगात आलेला, आणि चूक समोरच्याची. रहाणे जडेजाजवळ गेला, त्याला थोपटलं, तू खेळत राहा अशी खूण केली आणि तंबूकडे वळला. अकरा दिवसांपूर्वी हाच माणूस चुकणाऱ्याच्या जागी उभा होता. त्या एका कृतीत त्याने अ‍ॅडलेडची स्वतःची चूकही लक्षात ठेवली होती असं म्हणायला जागा आहे. भारताने कसोटी आठ गडी राखून जिंकली. सामनावीराला त्या वर्षीपासून मुलाग पदक द्यायचं ठरलं होतं. १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या संघातला जॉनी मुलाग, त्याच्या नावाचं. त्याचा पहिला मानकरी डोंबिवलीचा ठरला. शहापूर आणि मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांची वस्ती मोठी आहे. मुलागची गोष्ट इथल्या शाळांतून सांगितली जायला हवी.

सिडनीचा सामना वाचवला गेला आणि त्याची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. हनुमा विहारीच्या १६१ चेंडूंत नाबाद २३, अश्विनच्या १२८ चेंडूंत नाबाद ३९, दोघेही दुखापतीने वाकलेले. ऋषभ पंतने त्याआधी ९७ मारून ठेवले होते म्हणूनच शेवटी तटून राहण्याला अर्थ आला. याच सामन्यात प्रेक्षकांतून मोहम्मद सिराजला वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या. सिराज हैदराबादच्या रिक्षाचालकाचा मुलगा. वडील नोव्हेंबरमध्ये वारले, तरी तो दौऱ्यावरच थांबला होता. पंचांनी मैदान सोडायची मुभा दिली. रहाणे म्हणाला, आम्ही खेळणार.

आणि मग ब्रिस्बेन. गॅबाच्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर कसोटी हरला नव्हता. बुमराह, अश्विन, जडेजा, शमी, उमेश असे सगळे जखमी. गोलंदाजी करायला उतरलेल्या पाच जणांच्या नावावर मिळून चार कसोटी होत्या. त्यातली एक शार्दूल ठाकूरची, आणि तिला एक म्हणणंही धाडसाचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला पदार्पणात त्याने १० चेंडू टाकले, जांघेचा स्नायू दुखावला आणि तो बाहेर गेला. दोन वर्षं तीन महिने त्याच्या कसोटी गोलंदाजीची सगळी नोंद त्या दहा चेंडूंचीच होती.

चाहत्यांशी त्याचं नातं त्याहीआधी बिनसलं होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये कोलंबोला एकदिवसीय पदार्पण केलं तेव्हा त्याच्या पाठीवर १० क्रमांक होता, सचिन तेंडुलकरचा. अंकशास्त्रावरून घेतलेला आकडा, पण लोकांना तो उर्मटपणा वाटला. इतकी झोड उठली की पुढे त्याने ५४ क्रमांक घेतला. त्याच शार्दूलची दुसरी गोष्ट २०१८ ची आहे. दक्षिण आफ्रिकेचा दौरा आटोपून विमान मुंबईत उतरलं आणि हा भारताचा खेळाडू अंधेरीला जाऊन पालघरच्या लोकलमध्ये बसला. डब्यातली मुलं मोबाइलवर त्याचे फोटो शोधून बघत होती, हा खरंच तो आहे का म्हणून. उर्मट ठरवणारे आणि डब्यात त्याला ओळखू न शकणारे, दोघेही क्रिकेटवेडेच. फरक इतकाच की एकाने त्याचा शर्ट पाहिला होता आणि दुसऱ्याने त्याचा प्रवास.

गॅबावर शार्दूलने पहिल्याच चेंडूवर मार्कस हॅरिसला बाद केलं. तिसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला, भारत ३६९ चा पाठलाग करताना ६ बाद १८६ वर अडकला होता. वॉशिंग्टन सुंदरच्या जोडीला शार्दूल आला आणि त्या डावातल्या पहिल्या धावा त्याने कमिन्सला षटकार मारून घेतल्या. सुंदर ६२, शार्दूल ६७, भागीदारी १२३. ऑस्ट्रेलियाची आघाडी ३३ वर आली. भारतात असलेल्या कोहलीने त्या दिवशी इंग्रजी ट्वीटच्या शेवटी मराठीत लिहिलं, तुला परत मानलं रे ठाकूर.

दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, महाराष्ट्रात ग्रामपंचायत निवडणुकांची मतमोजणी होती. १५ जानेवारीला मतदान झालं होतं, मुरबाड तालुक्यातल्या कितीतरी गावांत पॅनेलं समोरासमोर होती. तालुक्याच्या गावी गुलाल उडत होता त्या दिवशी ब्रिस्बेनला सिराजने ५ आणि शार्दूलने ४ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला २९४ मध्ये रोखलं. लक्ष्य ३२८. १९ जानेवारी, मंगळवार. कोरोनामुळे लोकल अजून सर्वांसाठी सुरू नव्हती, ती १ फेब्रुवारीला व्हायची होती, त्यामुळे एरवी त्या वेळी मुंबईच्या कचेऱ्यांत आणि दुकानांत असणारी बरीच माणसं घरीच होती. पुजारा अंगावर चेंडू झेलत उभा राहिला, गिलने ९१ केल्या, आणि दुपारी एकच्या सुमारास पंतने हेझलवूडला सरळ फटका मारला. चेंडू सीमेकडे गेला. तीन गडी राखून विजय, पंत नाबाद ८९, मालिका २-१. अ‍ॅडलेडच्या त्या शनिवारला बरोबर एक महिना झाला होता.

विजयानंतर रहाणेने ऑस्ट्रेलियाच्या नेथन लायनला भारतीय खेळाडूंच्या सह्यांचा शर्ट दिला, कारण ती त्याची शंभरावी कसोटी होती. करंडक हातात आला तो त्याने टी. नटराजनकडे दिला. तमिळनाडूच्या चिन्नप्पमपट्टी गावचा हा गोलंदाज दौऱ्यावर नेटमध्ये चेंडू टाकायला म्हणून गेला होता. २१ जानेवारीला रहाणे मुंबईत घरी पोचला तेव्हा ढोल-ताशे, फुलं, सगळं होतं. शेजाऱ्यांनी मोठ्या प्रेमाने केक आणला होता, त्यावर कांगारू होता. रहाणेने तो कापला नाही. कांगारू हा त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे, प्रतिस्पर्ध्याचा मान राखायला हवा, असं त्याने नंतर हर्षा भोगले यांना सांगितलं. हरलेल्याला डिवचण्याची चाल समाजमाध्यमांवर इतकी रुळली असताना ऐन मिरवणुकीत, दाराशी जमलेल्या आपल्याच माणसांना नाही म्हणणं सोपं नव्हतं. त्या महिन्यातली मेलबर्नच्या शतकाइतकीच मोठी खेळी ती होती.

नम्रतेने संघातली जागा मात्र टिकत नाही. गॅबानंतर वर्षभरातच रहाणेच्या धावा आटल्या आणि २०२२ च्या सुरुवातीला तो वगळला गेला. जून २०२३ मध्ये ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात परतला, ८९ आणि ४६ केल्या, आणि जुलैतल्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर पुन्हा बाहेर. पृथ्वीने ऑस्ट्रेलियाहून परतल्यावर विजय हजारे स्पर्धेत आठ सामन्यांत ८२७ धावांचा विक्रम केला, मुंबईला करंडक जिंकून दिला. पण २०२४ मध्ये त्याच मुंबईने त्याला रणजी संघातून वगळलं, आयपीएलच्या लिलावात कुणी बोली लावली नाही, आणि २०२५ मध्ये तो महाराष्ट्राकडून खेळू लागला.

मुरबाड-शहापूरची वाट ज्या शहरातून जाते त्या कल्याणमध्ये या चढउताराची आणखी एक नोंद आहे. जानेवारी २०१६ मध्ये के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने भंडारी चषकात ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ मधला कॉलिन्सचा ६२८ चा विक्रम मोडला. रिक्षाचालकाचा हा पंधरा वर्षांचा मुलगा एका रात्रीत जगभर पोचला, सचिनने त्याला बॅट दिली, मुंबई क्रिकेट संघटनेने शिष्यवृत्ती दिली. पुढे धावा होईनात तेव्हा वडिलांनी शिष्यवृत्ती थांबवा असं स्वतः कळवलं. चार अंकी धावांचं ओझं पोराच्या अंगावर टाकणाऱ्यांत आपण सगळेच होतो, आणि ते उतरवून ठेवण्याचं धैर्य त्या घराने दाखवलं.

मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवून ४२ वी रणजी जिंकली. कर्णधार रहाणे. उपांत्य सामन्यात शतक आणि अंतिम सामन्याच्या पहिल्या डावात ७५ धावा करून पडझड थोपवणारा शार्दूल. ऑगस्ट २०२५ मध्ये रहाणेने मुंबईचं कर्णधारपद सोडलं आणि ते शार्दूलकडे आलं. डोंबिवलीहून पालघरला.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस, इकडे भातकापणीचे दिवस असताना, बीकेसीच्या मैदानावर छत्तीसगडविरुद्ध शार्दूलच्या हाताखाली खेळत रहाणेने १५९ धावा केल्या. वय वर्षं ३७. निवड समितीने आपल्याशी बोलायला हवं होतं, आपल्याला वगळल्यानंतरच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात संघाला आपली गरज होती, हेही त्याने त्या खेळीनंतर स्पष्ट सांगितलं. रणजीच्या त्याच फेरीत चंदीगडला महाराष्ट्राकडून सलामीला आलेल्या पृथ्वी शॉने २२२ धावा केल्या.